ओलापॅरिब: गोळी उत्तम, पण आधी चाचणी नीट करून घ्या

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ओलापॅरिबची चिठ्ठी हातात पडते तेव्हा बहुतेक घरांत चित्र सारखंच असतं. ऑपरेशन झालेलं, केमोच्या सहा सायकल संपलेल्या, रक्तातली सीए-१२५ ही कॅन्सरची खूण खाली आलेली, आणि डॉक्टर सांगतात, "आता मेंटेनन्सची, म्हणजे आजार परतू नये म्हणून घ्यायची गोळी, दोन वर्षं." घरचे लगेच दोन प्रश्न विचारतात: खर्च किती आणि त्रास काय? खरं तर या दोन्हींच्या आधी एक प्रश्न यायला हवा, आणि तोच राहून जातो. ट्यूमरच्या पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडलेली आहे, हे दाखवणारा रिपोर्ट कुठे आहे?

आमचं मत आधीच सांगतो. डीएनए-दुरुस्तीच्या बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जीनमध्ये दोष आहे, आजार पहिल्यांदाच झाला आहे आणि प्लॅटिनम (कार्बोप्लॅटिनसारख्या) केमोला चांगला प्रतिसाद मिळाला आहे, अशा पेशंटसाठी या आजारात गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं औषध आलेलं नाही. ज्यांच्या ट्यूमरची दुरुस्ती शाबूत आहे, त्यांनी मात्र ही गोळी घेऊ नये. त्यांचे पैसे जातात, हिमोग्लोबिन जातं आणि हाती काही लागत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे पेशंट येतात, त्यांचा निर्णय चाचणीच्या दर्जावर ठरतो.

औषध काम कसं करतं हे समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात येतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएची मोडतोड रोज हजारो ठिकाणी होत असते आणि ती दुरुस्तही होत असते. ही दुरुस्ती कशी होते हे उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटला तर पार्प हे एन्झाइम आधी तिथे पोचतं, चिकटतं आणि दुरुस्तीची बाकीची टोळी बोलावतं. दोन्ही धागे तुटले तर काम अवघड होतं. तेव्हा पेशी शेजारची तशीच प्रत समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवून काढते. या पद्धतीला होमोलॉगस रिकॉम्बिनेशन म्हणतात, आणि बीआरसीए१, बीआरसीए२, रॅड५१, पीएएलबी२ ही सगळी त्याच कामावरची माणसं.

ओलापॅरिब पार्पला नुसतं बंद पाडत नाही, तर डीएनएवर जिथे ते चिकटलेलं असतं तिथेच अडकवून ठेवतं. पेशी दुभंगण्यासाठी डीएनएची नक्कल करायला निघते, या अडथळ्याला धडकते आणि दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशीत बीआरसीएची निदान एक चांगली प्रत असते, त्यामुळे ती यातून सावरते. कॅन्सरच्या पेशीत दोन्ही प्रती गेलेल्या असतात. ती मिळतील ती टोकं मिळतील तशी जोडत सुटते आणि शेवटी मरते. २००५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात शेफिल्डच्या थॉमस हेलेडे यांच्या गटाने आणि लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या अॅलन अॅशवर्थ यांच्या गटाने हे स्वतंत्रपणे दाखवलं. औषधाचा रेणू केंब्रिजच्या कुडॉस कंपनीचा होता, तो पुढे अॅस्ट्राझेनेकाकडे आला. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी मिळाली. कार्बोप्लॅटिनने होणारी इजाही पेशी याच यंत्रणेने दुरुस्त करते. म्हणून प्लॅटिनमला चांगला प्रतिसाद हा या गोळीसाठी शुभशकुन मानतात.

औषध किती उपयोगी पडतं ते सोलो-१ या क्लिनिकल ट्रायलमध्ये दिसतं. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या, बीआरसीए दोष असलेल्या ३९१ स्त्रियांपैकी २६० जणींना ओलापॅरिब दिलं आणि १३१ जणींना प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी. आजार परत वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला. निम्म्या पेशंटमध्ये आजार परतायला लागलेला काळ १३.८ महिन्यांवरून ५६ महिन्यांवर गेला. सात वर्षांनी औषधाच्या गटातल्या ६७ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, प्लॅसिबोच्या गटात ४६.५ टक्के. या शेवटच्या आकड्याने संख्याशास्त्राची आधी ठरवलेली कडक अट पार केली नाही, हेही सांगायला हवं. तरीही पहिल्या गटातल्या बऱ्याच जणी बऱ्या झाल्या असाव्यात, असं मानायला जागा आहे. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या या आजारात असं म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता पेशंटची जीनची चाचणी. सगळं इथे ठरतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली, रक्तातून केलेली जर्मलाइन बीआरसीए चाचणी: दोष जन्मजात आहे का ते ही सांगते. दुसरी, ट्यूमरच्या ब्लॉकमधून, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यातून केलेली बीआरसीए चाचणी: फक्त ट्यूमरमध्ये नंतर आलेला दोषही यात सापडतो. तिसरी एचआरडी (होमोलॉगस रिकॉम्बिनेशन डेफिशियन्सी, म्हणजे त्या दुरुस्तीतला बिघाड): बीआरसीए ठीक असूनही दुरुस्ती दुसऱ्या कुठल्या कारणाने बिघडली आहे का, ते ही चाचणी डीएनएवर राहिलेल्या व्रणांवरून ओळखते. हाय-ग्रेड सीरस या अंडाशयाच्या कॅन्सरच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात जवळपास निम्म्या ट्यूमरमध्ये एचआरडी सापडते. भारतातल्या पेशंटमध्ये साधारण चौघींपैकी एकीत जन्मजात बीआरसीए दोष आढळला आहे. म्हणून "आमच्या घरात कोणाला कॅन्सर नाही" म्हणून चाचणी टाळू नका. दोष वडिलांकडूनही येतो, आणि वडिलांच्या बाजूला बायका कमी असल्या तर घराण्यात तो दिसतच नाही.

रक्ताची चाचणी सोपी आहे, ईडीटीएच्या नळीत थोडं रक्त पुरतं. मात्र लॅबला एक प्रश्न जरूर विचारा: जीनचा मोठा तुकडाच गायब असेल तर तुमच्या पद्धतीत तो सापडतो का? स्वस्तातल्या काही पॅकेजमध्ये मोजकेच ठरावीक बदल पाहतात. अशा रिपोर्टवरचं 'निगेटिव्ह' निर्णयासाठी पुरेसं नाही.

ट्यूमरच्या चाचणीचं यश ऑपरेशन थिएटरमध्येच ठरतं, आणि याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. फॉर्मालिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटरच शिरतं. नारळाएवढी गाठ अख्खी बरणीत टाकली, तर बाहेरची साल टिकते आणि आतला भाग सडत राहतो. शनिवारी ऑपरेशन झालं आणि बरणी सोमवारी लॅबमध्ये उघडली, तर आतला डीएनए चुरा झालेला असतो. योग्य पद्धत अशी: १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, ऊतीच्या निदान दहापट, गाठीला लगेच काप देऊन, आणि एकूण ६ ते ७२ तास. त्याहून जास्त ठेवलं तर डीएनए तुटतो, कमी ठेवलं तर ऊती नीट स्थिरावत नाही.

ब्लॉक निवडतानाही हमखास एक चूक होते. ऑपरेशनआधी तीन केमो झाल्या असतील तर ऑपरेशनच्या नमुन्यात जिवंत ट्यूमर जेमतेम उरलेला असतो. लॅबला साधारण २० ते ३० टक्के ट्यूमर-पेशी लागतात. अशा वेळी केमोच्या आधी घेतलेल्या बायोप्सीचा ब्लॉक पाठवावा, भले तो लहान असो. 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट आला तर तो 'निगेटिव्ह' समजू नका, दुसरा ब्लॉक पाठवा. या ये-जा मध्ये तीन-चार आठवडे सहज जातात आणि गोळी शेवटच्या केमोनंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. म्हणून चाचणी निदानाच्या वेळीच पाठवायची. सहावी केमो झाल्यावर पाठवली तर उशीर झालेला असतो.

एचआरडीचा रिपोर्ट वाचताना आकड्याला फसू नका. मिरियाड कंपनीच्या मायचॉइस चाचणीत ४२ किंवा त्याहून जास्त स्कोअर पॉझिटिव्ह धरतात. हा ४२ त्याच चाचणीचा आहे. दुसऱ्या लॅबची मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे सीमाही वेगळी. आणखी एक मर्यादा या चाचणीच्या मुळातच आहे. व्रण जुना असतो. ट्यूमरने मधल्या काळात दुरुस्ती परत मिळवली असेल तरी व्रण तसाच राहतो आणि स्कोअर वरच दिसतो. 'व्हीयूएस' म्हणजे अर्थ न लागलेला बदल. त्यावर गोळी सुरू करू नये, आणि अंडाशय काढण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नये.

रिपोर्ट नीट असेल तर आता गोळीकडे येऊ. मूळ ब्रँड लिनपार्झाच्या दोन गोळ्या येतात: १५० मिलिग्रॅमची हिरवट, वर 'ओपी१५०' कोरलेली, आणि १०० मिलिग्रॅमची पिवळी, वर 'ओपी१००'. दोन्ही लांबट. नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे सकाळी दोन हिरव्या आणि बारा तासांनी पुन्हा दोन हिरव्या. २८ दिवसांना ११२ गोळ्या लागतात. सुरुवातीला ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल होत्या आणि दिवसाला सोळा गिळाव्या लागत. कॅप्सूलचे मिलिग्रॅम आणि गोळीचे मिलिग्रॅम शरीरात सारखे शोषले जात नाहीत, म्हणून जुन्या कागदावरचा ४०० चा डोस गोळ्यांना लावू नका.

डोस कमी करायची वेळ येते तेव्हा रंगांचा उपयोग होतो. पहिली पायरी २५० ची: दर वेळी एक हिरवी आणि एक पिवळी. दुसरी २०० ची: दर वेळी दोन पिवळ्या. गोंधळ होतो तो इथेच. घरात हिरव्यांचं पाकीट शिल्लक असतं आणि "संपवून टाकू" म्हणून हिरवी मोडून घेतली जाते. गोळी मोडायची, चावायची, कुटायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही. ती खास पद्धतीने बनवलेली असते आणि मोडली की शोषण बदलतं. उरलेल्या हिरव्या पिवळ्यांसोबत वापरता येतील का, हे डॉक्टरांना विचारून पंचांगासारखा तक्ता करून फ्रिजवर लावा. गोळ्या मात्र फ्रिजवर किंवा ओट्याजवळ ठेवू नका. ओलावा लागू नये म्हणून त्या मूळ पॅकमध्येच राहू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच. जेनेरिक गोळ्यांचे रंग वेगळे असू शकतात, त्यामुळे ब्रँड बदलला की तक्ताही नवा करायचा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

जेवणाची अट नाही, पण पहिले दोन-तीन महिने मळमळ जवळजवळ ठरलेलीच. सोलो-१ मध्ये ती चारपैकी तिघींना झाली. गोळीच्या अर्धा तास आधी ऑन्डेन्सेट्रॉन आणि सोबत थोडं खाणं, भाकरीचा तुकडा किंवा भात-ताक, एवढ्यावर बहुतेकींचं निभतं. ऑन्डेन्सेट्रॉनने पोट घट्ट होतं, आणि पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या बाईला हा त्रास किरकोळ नसतो. म्हणून ते रोज घ्यायचं असेल तर इसबगोल किंवा लॅक्टुलोजही लिहून मागा. मळमळ असह्य झाली म्हणून पहिल्या महिन्यातच औषध सोडून देणाऱ्या पेशंटचं सगळ्यात वाईट वाटतं, कारण तिसऱ्या महिन्यापर्यंत ती बहुधा उतरते.

खरी काळजी घ्यायची ती रक्ताची. रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशी सतत दुभंगत असतात, त्यामुळे पार्प अडकवण्याचा फटका त्यांनाही बसतो. सोलो-१ मध्ये साधारण पाचपैकी एकीला गंभीर अॅनिमिया झाला. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, गोळी सुरू करण्याआधी करायची, आणि मग पहिलं वर्षभर दर महिन्याला. केमोने उतरलेले आकडे सावरल्याशिवाय पहिली गोळी घ्यायची नाही. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं की गोळी थांबवायची, लागलं तर रक्त द्यायचं आणि सावरल्यावर एक पायरी खालच्या डोसने पुन्हा सुरू करायचं. बीट, खजूर, डाळिंब जरूर खा, पण हे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने उतरलेलं नसतं. मज्जाच मंदावलेली असते. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, वाढलेला दिसला की बी-१२ ची इंजेक्शनं सुरू होतात. बी-१२ आणि फोलेट एकदा मोजून घ्या, नॉर्मल असतील तर ही वाढ औषधाचीच आहे. क्रिएटिनिनही थोडं वर जातं, कारण ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडातली वाट हे औषध काही प्रमाणात अडवतं. म्हणजे किडनी बिघडलीच असं नाही, शंका असेल तर किडनीचं काम दाखवणारं दुसरं द्रव्य, सिस्टॅटिन-सी, मोजता येतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) मुळातच मिनिटाला ३१ ते ५० मिली असेल, तर सुरुवातच २०० ने, दोन पिवळ्यांनी.

गोळी थांबवूनही चार आठवड्यांत रक्ताचे आकडे सावरले नाहीत, तर रक्तविकार तज्ज्ञांकडे जाऊन बोन मॅरो तपासायलाच हवा. एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) हा या औषधाचा दुर्मीळ पण जिवावरचा धोका आहे. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षं घेणाऱ्यांत तो दीड टक्क्याच्या आसपास आढळला. आजार परतल्यावर, अनेक केमो झाल्यावर घेणाऱ्यांत सोलो-२ ट्रायलमध्ये तो ८ टक्के होता, प्लॅसिबोत ४. तसंच कोरडा खोकला, धाप आणि ताप नव्याने सुरू झाला तर गोळी थांबवून छातीचा सीटी काढा, फुप्फुसाला सूज असू शकते.

इतर औषधांशी होणारी टक्कर आपल्याकडे फार सहज होते. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सर्रास लिहिलं जातं. त्याने ओलापॅरिबचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ पावणेतीनपट होतं. पोटातल्या एच. पायलोरीच्या किटमधलं क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच गटातलं. ते टाळता येत नसेल तर डोस १०० वर, म्हणजे दर वेळी एक पिवळी. फ्लुकोनॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, डिल्टियाझेम असेल तर १५०, म्हणजे एक हिरवी. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन ओलापॅरिबचं प्रमाण ८७ टक्क्यांनी उतरवतं. गोळ्या चालू राहतात, पैसे जात राहतात आणि औषध शरीरात नसल्यासारखंच. फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही त्यातलीच. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात. त्यातली द्रव्यं आपल्या पपनसातही असतात, तेव्हा गणपतीतलं पपनसही या दोन वर्षांत नको. काढे आणि चूर्णं चालू असतील तर लपवू नका, यादी करून डॉक्टरांना दाखवा.

निरापॅरिब या पार्प अडवणाऱ्या दुसऱ्या गोळीशी तुलना करायची तर ते दिवसातून एकदाच घ्यायचं, आणि औषधांची ही टक्कर त्यात जवळजवळ नाही. टीबीचे उपचार चालू असणाऱ्यांना तो मोठा फायदा. पण प्लेटलेट झपकन उतरतात, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, आणि बीपीवरही लक्ष. वजन ७७ किलोपेक्षा कमी किंवा प्लेटलेट दीड लाखाखाली असतील तर ३०० ऐवजी २०० मिलिग्रॅमने सुरुवात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना २००. निरापॅरिबच्या प्रिमा ट्रायलमध्ये एचआरडी पॉझिटिव्ह गटात आजार परतायचा काळ १०.४ वरून २१.९ महिन्यांवर गेला, मात्र एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. बीआरसीए ठीक पण एचआरडी पॉझिटिव्ह असेल आणि बेव्हासिझुमॅब (ट्यूमरला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं इंजेक्शन) चालू असेल, तर ओलापॅरिब त्याच्या जोडीला देतात. या जोडीच्या पाओला-१ ट्रायलमध्ये एचआरडी पॉझिटिव्ह गटात आजार परतायचा काळ १७.७ वरून ३७.२ महिन्यांवर गेला. एचआरडी निगेटिव्ह गटात काहीच फरक पडला नाही.

आजार परत परत आल्यावर केमोऐवजी ही गोळी द्यायची, हा वापर आता करू नये. तीन किंवा जास्त केमो झालेल्यांसाठीची ती मंजुरी २०२२ मध्ये अमेरिकेत मागे घेतली गेली. ट्यूमरही शिकतो. बीआरसीएमध्ये दुसरा बदल होऊन जीन पुन्हा वाचता येऊ लागतो, किंवा पेशी औषध बाहेर फेकणारा पंप वाढवते. गोळी चालू असताना आजार वाढला तर पुढच्या प्लॅटिनमचा गुणही कमी येताना दिसतो.

खर्चाबाबत थोडक्यात. भारतातलं मूळ पेटंट २०२४ मध्ये संपल्यापासून देशी जेनेरिक उपलब्ध आहेत आणि छापील किमतीत व प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतीत मोठं अंतर असतं. दोन-तीन ठिकाणी विचारा, बॅच नंबर असलेलं बिल घ्या, परदेशातून 'आणून देतो' म्हणणाऱ्यांकडून घेऊ नका. आरोग्य विम्यात तोंडी केमोथेरपीला वेगळी मर्यादा असते का, ते पॉलिसीत वाचून लेखी विचारा.

पेशंट पूर्ण बरी दिसत असेल तर दोन वर्षांनी गोळी बंद करायची. "चालतंय तर चालू ठेवू" असं नको. मज्जेवरचा धोका मात्र गोळीसोबत संपत नाही, म्हणून पुढच्या तपासण्यांत सीए-१२५ सोबत सीबीसीही असू द्या.

आणि रक्ताचा बीआरसीए रिपोर्ट जपून ठेवा. दोष जन्मजात असेल तर सख्ख्या बहिणी, भाऊ आणि मुलं यांच्यापैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. त्यांना पूर्ण पॅनेल, म्हणजे अनेक जीनची तपासणी, करायची गरज नाही. रिपोर्टवरचं त्या बदलाचं नेमकं नाव, 'सी.' ने सुरू होणारं, लॅबला दाखवलं की तेवढाच एक बदल तपासतात, आणि ते बरंच स्वस्तात होतं. बहिणीत किंवा लेकीत बीआरसीए१ चा दोष सापडला तर तिला ३५ ते ४० वर्षांच्या दरम्यान, मुलं झाल्यावर, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून घेण्याचा सल्ला देतात, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ च्या दरम्यान. हा कागद भावालाही द्या. त्याला अंडाशयाचा कॅन्सर होणार नाही, पण त्याच्या मुलीला होऊ शकतो.